बोरजाईतील एकमेव मातीचे घर सोमवारी न पाडणेबाबत

दिनांक : शुक्रवार, २२ मे २०२६

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
'हक्काचे पक्के घर' अभियान कक्ष,
बोरजाई विभाग कार्यालय,
चाकण–बोरजाई रस्ता.

अर्जदार : साहेबराव लिंबाजी भालशंकर, निवृत्त प्रेस ऑपरेटर, राहणार मौजे बोरजाई, चाकण औद्योगिक पट्टा.

विषय : अर्जदाराने न मागता मिळालेला लाभ परत घेणे व त्याचे राहते घर सोमवारी सकाळी जेसीबीने न पाडणे याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जी भिंतीला लागली नाही. २) मोबाइलवर आलेला 'अभिनंदन' संदेश. ३) अर्जदाराने आपल्या कार्यालयात घातलेल्या फेऱ्या, ज्यांची कुठेही नोंद नाही.

महोदय,

हात जोडून, पण सोमवार तोंडावर आल्यामुळे जरा घाईने, अर्जदार पुढीलप्रमाणे कळवतो.

१. अर्जदार मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. पोटामागे पिंपरीला आला, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये हेल्पर म्हणून चिकटला आणि ऑपरेटर होऊन चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाला. मधली सगळी वर्षे पिंपरीच्या एका वस्तीत, पत्र्याच्या खोलीत गेली. त्या वस्तीत अर्जदाराची आणखी एक ओळख होती, ती म्हणजे अर्ज लिहिणारा. नळ असो, रेशनकार्ड असो, मयताचा दाखला असो की सार्वजनिक संडासाचे मोडलेले दार असो, "साहेबरावभाऊंकडं जा, साहेबाच्या डोळ्यांत पाणी आणतात" असे लोक म्हणत. हे बढाईसाठी सांगितलेले नाही. कार्यालयीन भाषा अर्जदारास चांगली येते. तेव्हा पुढे ती कुठे सुटली तर अज्ञानाने नव्हे, संतापाने सुटली असे समजावे.

२. "काका, आजच्या जमान्यात मातीचं घर कशाला?" हा प्रश्न आपल्या कार्यालयात प्रत्येकाने हसून विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदाचे नोंदवून ठेवलेले बरे. अर्जदाराने नोकरीत बहुतेक थर्ड शिफ्ट केली. थर्ड शिफ्टवाल्याला दिवसा झोपावे लागते. मे महिन्यात पत्र्याखाली दिवसा झोपायचे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. ओली चादर अंगावर घ्यायची, ती वाळली की जाग यायची, उठून पुन्हा भिजवायची. मग डोळे चुरचुरत मशीनवर उभे राहायचे, आणि मशीन अशी की डुलकी लागली तर बोटे जायची. सोबतच्या काहींची गेली. अर्जदाराची शाबूत राहिली, पण आपली झोप तो त्या कारखान्यात ठेवून आला.

पुढे मुलगी आम्रपाली शिकली, हिंजवडीच्या आयटी कंपनीत लागली. तिने अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आई-बापाला मानाने तिथे नेले. फ्लॅट झकास होता, पोरीला बोल नाही. पण पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देत नसे आणि एसी लावला की अर्जदाराची हाडे बोलू लागत. एक दिवस आम्रपालीनेच गमतीने मोबाइलवर दाखवले, की शिकलेसवरलेले लोक नोकऱ्या सोडून आता आपल्या हाताने मातीची घरे बांधत आहेत. भिंती जाड, उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. सिमेंट जवळजवळ नाहीच. उद्या ते घर नको झाले तर मातीची माती, कुठे राडारोडा टाकायला नको. पोरगी दुसरा व्हिडिओ लावायला गेली, तर अर्जदाराने तिचा हात धरला. लहानपणी गावाकडे भिंतीला पाठ टेकून, काही न करता लागलेली झोप त्यास आठवली. माणसाला म्हातारपणी असे काय लागते हो? अर्जदाराला झोप हवी होती.

पत्नी सौ. कस्तुरा हिचा कडक विरोध होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. तिचे शब्द असे : "मातीतून निघायला जल्म गेला, आन् आता पेन्शनीत परत मातीत? शिकलेल्या लोकांनी मातीचं घर बांधलं की हौस म्हणत्यात. आपण बांधलं की म्हणत्यात, बघा, आले मूळ जागी." अर्जदाराने ते हसण्यावारी नेले.

३. बोरजाईत अर्जदाराने निवृत्तीच्या पैशातून गावठाणाचा एक तुकडा रीतसर घेतलेला आहे. त्यावर काम सुरू केले, तेव्हा रोहिदास मिस्त्री यांनी पहिल्या दिवशी थापी खाली ठेवली. म्हणाले, "भाऊ, आजवर लोकांची मातीची घरं पाडून स्लॅब टाकले, तुम्ही गाडी उलटी हाणायला सांगता. उद्या मला कोण काम देईल?" शेवटी 'कुणाला सांगायचे नाही' या अटीवर ते आले, आणि दोन महिन्यांनी स्वतःच गावभर सांगत सुटले. खाली काळ्या दगडाचे गुडघाभर जोते, म्हणजे जमिनीची ओल मातीला लागायला नको. वर दीड हात रुंद भिंती. माती त्याच जागेतली, त्यात मावळातून आणलेला भाताचा पेंढा आणि शेण. ती तुडवायला अर्जदाराचे प्रेसशॉपमधले जुने सोबती वीकली ऑफला येत, पँटी वर करून चिखलात नाचत, आणि समोरून जाणाऱ्या कंपनीच्या बसमधली पोरे खिडकीतून फोटो काढत. कौले आणि सागवान चऱ्होलीचे. तिथे सोसायट्यांसाठी जुनी घरे पाडतात, त्यांचा माल कुणी उचलत नाही. फळ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या पॅकिंगपेट्यांच्या. वरून गूळ आणि मेथीचे पाणी घातलेल्या चुन्याचा गिलावा. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छपराचे पाखे भिंतीबाहेर चांगले लांब काढले. संक्रांतीला घर पुरे झाले.

मार्च संपताना एका दुपारी अर्जदार आत आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. चहाचा कप उशाशी तसाच होता आणि पत्नी नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघत होती. अर्जदार उठून बसला आणि रडला. कार्यालयास याची नोंद घ्यायची नसेल तर घेऊ नये, पण हे घर कशासाठी आहे ते एवढेच आहे.

४. आता सर्वेक्षणाविषयी. एप्रिलमध्ये आपल्या अभियानाच्या कंत्राटी सर्वेक्षक वर्षालीताई टॅबलेट घेऊन दारात आल्या. अर्जदार चाकणला कांदे आणायला गेला होता, घरी कस्तुरा एकटी. इथे कार्यालयाने एक गोष्ट समजून घ्यावी, जी आपल्याकडच्या कुठल्याच परिपत्रकात सापडणार नाही. आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, की सर्वेवाला गल्लीत शिरला की टीव्हीवर चादर टाकायची, सायकल मागे न्यायची, आणि त्याने "कसं चाललंय?" म्हटले की "कसलं चालतंय" म्हणायचे. बरं चाललंय असे सरकारी माणसाला सांगायचे नाही. शेजारच्या ज्योतीरामने एकदा कौतुकाने नवे कपाट उघडून दाखवले, तर पुढच्या यादीतून त्याचे नाव गायब. वस्तीने त्याला वर्षभर वेड्यात काढले. कस्तुराची सगळी उमर या शहाणपणात गेली आहे.

तेव्हा वर्षालीताईंनी विचारले, भिंती कशाच्या? कस्तुरा म्हणाली, मातीच्या. घर गळतं का? "गळतं की." (साहेब, या घराने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही. ते गळणार कसे, हे दोघींच्याही ध्यानात आले नाही.) लाइट आहे का? "असून नसल्यावानी." पावसाची भीती वाटते का? "वाटती." वर्षालीताईंवर अर्जदाराचा राग नाही, पोर गुणाची आहे. टॅबलेटमध्ये भिंतीसाठी विटा, ब्लॉक, पत्रा आणि माती एवढेच पर्याय होते. मातीवर बोट ठेवताच पडदा लाल झाला आणि 'धोकादायक' असे आपोआप उमटले. त्या कळवळून म्हणाल्या, "मावशी, काळजी करू नका, तुमचं काम झालंच समजा." कस्तुराने त्यांना आले घातलेला चहा पाजला आणि काचेवर बोटाने सही केली. अर्जदार परत आल्यावर तिने मोठ्या समाधानाने सांगितले, "काय तरी मिळंल."

५. मिळाले. मोबाइलवर संदेश आला : 'अभिनंदन! आपले कच्चे घर पाडण्यास मंजुरी मिळाली आहे.' घर पाडल्यावर त्याच जागी पक्के बांधण्याचा लाभ निधी आल्यावर मिळेल असेही त्यात होते. निधी केव्हा येणार, ते नव्हते.

मग दोन कर्मचारी नोटीस लावायला आले. डिंक चुन्यावर धरेना, म्हणून त्यांनी खिळा ठोकला. खिळा वाकला. दुसरा ठोकला, तोही वाकला. शेवटी नोटीस दाराच्या कडीला अडकवून त्यांनी पंचनाम्यात लिहिले : 'भिंत कमकुवत आढळली.' अर्जदाराने वाकलेले खिळे त्यांच्यापुढे धरले, तर ते म्हणाले, "काका, खिळ्यांचा रकाना नाही यात."

त्यानंतर आपले कनिष्ठ अभियंता पाहणीस आले. उन्हातून आत आले, टेकले आणि म्हणाले, "वा! बाहेर भट्टी आणि इथं काय गार आहे हो!" पाणी प्यायले, पाय लांब केले, आपल्या फार्महाउससाठी रोहिदास मिस्त्रींचा नंबर घेतला, आणि बाहेर जाऊन 'तात्काळ पाडावे' असा शेरा मारला. महोदय, माणसाने किती सोसावे?

६. भीक नको पण कुत्रं आवर, अशा अवस्थेत अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, लोक नाव घालायला रांग लावतात, तुम्ही काढायला कसे आलात? लाभ नाकारायचा तर गरजू नसल्याचा दाखला आणा. अर्जदार दाखल्याच्या टेबलावर गेला. तिथे गरीब असल्याचा दाखला मिळतो, नसल्याचा मिळत नाही, तसा नमुनाच नाही. अर्जदार म्हणाला, मी लिहून देतो नमुना, जन्मभर तेच केले आहे. ते हसले आणि जेवायला गेले. घर मजबूत असल्याचे प्रमाणपत्र मागायला तिसऱ्या टेबलावर गेला, तर तिथे सिमेंटचे प्रमाण विचारले. सिमेंट नाही म्हटल्यावर, मग मजबुती मोजायची कशाची, असा उलट प्रश्न आला. वस्तीतल्या किती म्हाताऱ्यांना अर्जदाराने "धीर धरा, सरकारी काम आहे" असे सांगितले असेल. त्या सगळ्यांची त्यास या फेऱ्यांत आठवण झाली.

७. काल, गुरुवारी, आवक-जावक खिडकीवर कळले ते याहून वरताण होते. सोमवारी पाहुण्यांच्या हस्ते बोरजाई हे 'कच्चे घर मुक्त गाव' म्हणून जाहीर व्हायचे आहे. वेशीवर तसा फलक मागच्या वर्षीच रंगवून झाला आहे, तेव्हा गावात मातीचे एकही घर उरले नव्हते. त्यात अर्जदाराने संक्रांतीला एक वाढवले, आणि अभियानाचा आकडा बिघडला. वरून विचारणा होऊ नये म्हणून अर्जदाराचे घर या आठवड्यातच 'पाडले' असे नोंदवून टाकलेले आहे. त्यामुळे जे घर नाही त्याबद्दलचा अर्ज स्वीकारता येत नाही, असे लिपिकांनी सौजन्याने समजावले.

अर्जदाराने विचारले, घर नाही तर सोमवारी जेसीबी काय पाडणार? ते म्हणाले, "तो ताळमेळ असतो, काका. कागद पुढं गेला, जमीन मागं राहिली. तेवढं जुळवायचं." जागा सपाट झाल्याचा फोटो दुपारपर्यंत लागतो, आणि त्यात लाभार्थी पेढा धरून उभा हवा, हेही सांगितले. अर्जदार रिक्षा करून घरी आला आणि आधी भिंतीला हात लावून बघितला. हसू नये. तुमच्या घराबद्दल कुणी असे सांगितले असते तर तुम्हीही बघितला असता.

८. निघताना त्याच लिपिकांनी मागून येऊन हळूच एक वाट दाखवली, त्यांचे भले होवो. सर्वेक्षणात ज्याने उत्तरे दिली त्यानेच ती लेखी मागे घेतली, तर प्रकरण फेरतपासणीला जाते आणि जेसीबी थांबतो. त्यासाठी 'मला या घरात कोणतीही भीती वाटत नाही' हे वाक्य आणि खाली कस्तुराची सही लागते. कागद आज, शुक्रवारी, कार्यालय बंद व्हायच्या आत हवा.

अर्जदाराला हायसे वाटले. असे कागद त्याच्या हातचा मळ. आज सकाळी त्याने तो फक्कड लिहिला : 'सदर उत्तरे सवयीने व गैरसमजातून दिली गेली. घर गळत नाही, वीज व्यवस्थित आहे आणि मला या घरात कोणतीही भीती वाटत नाही.' कस्तुरा भाकरी थापत होती. तिला वाचून दाखवला आणि पेन पुढे केला.

ती म्हणाली, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. शेवटचं खोडा."

अर्जदार चिडला. अगं, शेवटचेच तर हवे आहे त्यांना! घर चालले आहे आपले, आणि तुला आता सर्वेवाल्याची सवय सुटेना? आयुष्यात एकदा तरी सरकारला आमचं बरं आहे म्हण, तुझी जीभ झडणार नाही. अर्जदार बरेच बोलला. ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही.

तिने तवा उतरवला. म्हणाली, "त्या पोरीला गळतं म्हणलं ते खोटं. लाइटीचं बी खोटं. भेव वाटतंय म्हणलं ते खरं हाय."

९. महोदय, कस्तुराची थोरली बहीण सोजर लहानपणी पावसात गेली, एवढेच अर्जदारास ठाऊक होते. लग्नाला एवढी वर्षे झाली, त्याने कधी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. आज सांगितले. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. त्या वर्षी गावात वरच्या आळीला नवी गटार काढली आणि तिचे तोंड यांच्या वस्तीकडे सोडून दिले. गावाचे पाणी जाणार कुठे, तर तिकडे. श्रावणाची झड लागली. पाणी भिंतींच्या बुडाशी तुंबून राहिले. मग उघडले, ऊन पडले, सगळ्यांना वाटले सुटलो. सोजर भिंतीला पाठ लावून केस वाळवत बसली होती. भिंत पडली सुद्धा नाही, ती सोजरला घेऊन जागच्या जागी खाली बसली. कस्तुरा घागर घेऊन दारात उभी होती.

गावाचे पंच आले आणि त्यांनी लिहिले : 'मातीची भिंत, आपोआप पडली.' पाणी कुठून आले हे कुणी विचारले नाही.

हे सांगून तिने अर्जदाराचे मनगट धरले आणि त्याला घराच्या मागे नेले. मागच्या प्लॉटवर गोदाम होत आहे. त्यांनी मुरूम टाकून जागा उंच केली आणि आमच्या बाजूच्या कुंपणातून सिमेंटचा एक जाडजूड पाइप काढून ठेवला. अर्जदार तो रोज बघतो. पडला आहे पाइप, एवढेच त्याला वाटायचे. कस्तुराने विचारले, "ह्याचं त्वांड कुणीकडं हाय?"

पाइपाचे तोंड सरळ आमच्या मागच्या भिंतीकडे आहे. पाऊस लागला की गोदामाच्या सगळ्या अंगणाचे पाणी त्यातून येणार. अर्जदाराने दगडाचे जोते गुडघाभर घेतले, ओल चढू नये म्हणून. पाइपाचे तोंड कमरेला आहे. येणारा लोट दगड ओलांडून थेट मातीवर आदळणार. अर्जदाराने भिंतीची जाडी बघितली, चुना बघितला, कौले बघितली. आपल्या अभियंत्यांनी गारवा बघितला. टॅबलेटने माती बघितली. पाणी कुठून येणार हे जिने बघितले, तिला अर्जदार सकाळी हट्टी, अडाणी असे काहीबाही बोलला. ते शब्द तो परत घेतो. त्याला त्याबद्दल फार वाईट वाटते आहे.

१०. मौजे बोरजाईत धोका आहे, हे आपले म्हणणे म्हणूनच अर्जदारास मान्य आहे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नये. सिमेंटचे घर असते तरी ते पाणी दार उघडून आत येऊन बसायचे ते बसलेच असते. सबब विनंती की,

सोमवारची कारवाई थांबवावी.

पाइपाचे तोंड पाऊस लागण्याआधी रस्त्याच्या गटाराकडे वळवून द्यावे. जेसीबी त्या दिवशी ठरलेला आहेच. तो रिकामा परत पाठवण्याऐवजी त्याच्याकडून कुंपणालगत चर खणून घ्यावा, म्हणजे कागद आणि जमीन यांचा काहीतरी उपयोगाचा ताळमेळ होईल.

गाव 'कच्चे घर मुक्त' जाहीर करायचेच असेल तर खुशाल करावे. पाहुण्यांना जेवणानंतर टेकायला जागा लागली, तर अर्जदाराच्या घरी आणावे.

'कोणतीही भीती वाटत नाही' हे वाक्य मात्र अर्जदार देऊ शकत नाही. ते दिले असते तर आजच काम झाले असते, हे त्यास कळते. लोकांसाठी त्याने आजवर अर्जात पुष्कळ मीठ-मसाला घातला, पण कस्तुराच्या नावावर हे लिहायला त्याचा हात धजत नाही. त्याऐवजी तिने जे सांगितले ते खाली जसेच्या तसे उतरवले आहे. त्यात एक अक्षर अर्जदाराचे नाही. त्यावरून फेरतपासणी होत असेल तर करावी. होत नसेल तर तसे लेखी कळवावे, आणि लेखी कळवेपर्यंत घराला हात लावू नये.

आपला, नम्र आणि आज तरी घर असलेला,

साहेबराव लिंबाजी भालशंकर

सोबत : पाइपाचे फोटो, नोटिशीची प्रत.

सौ. कस्तुरा साहेबराव भालशंकर यांचे म्हणणे

साहेब, मी सांगती, हे लिहून घेत्यात. घर गळत न्हाई. लाइट चांगली हाय, पंखा बी हाय. त्या पोरीला मी तसं सांगितलं, तिला त्रास देऊ नका, तिनं मला मावशी म्हणलं.

भेव वाटतंय ते खरं हाय. मी ह्या घरात आजवर एक डाव बी निजले न्हाई. दिवसा सैपाक करते, सारवते, सगळं करते. निजायला भाईर जाते, हत्यारं ठिवायला पत्र्याचं छप्पर केलंय तिथं. ह्यांना सांगायची, मला आत कोंडल्यावानी हुतंय. ह्यांना झोप लागती आत. इतक्या वर्सांनी माणूस निजलेलं बघितलं, म्हणून मी कधी बोलले न्हाई.

तवा सगळ्यांनी भिंतीला नाव ठिवलं. आता तुमी बी भिंतीलाच धरलंय. भिंतीनं कुणाचं काय केलंय? पाइपाला धरा.

सोमवारी तुमची मशीन कवा येणार ती येऊ द्या. हे म्हणत्यात आपण साहेबाच्या पाया पडू, मशीनीच्या आडवं हुबं ऱ्हाऊ. मी तसलं काय करणार न्हाई. मी आत जाऊन, त्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसणार हाय. भेव वाटंल. पर बसणार.

सही : कस्तुरा